खांबांची ओळखपरेड

तीन पायांवर उभं राहून डोकं गरगर फिरवणारं ते यंत्र मशिदीत आलं, त्याच दिवशी मुलांनी त्याचं नाव ठेवलं घुबड. नाव शोभणारंच होतं. घुबड एका जागी बसायचं, मान पूर्ण गोल फिरवायचं आणि चारी बाजूंना डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची बारीक टोचणी मारत राहायचं. प्रकाश दगडावर आपटून परत आला, की तो किती लांबून आला हे घुबड टिपून ठेवी. एका टोचणीचा एक ठिपका. असे कोट्यवधी ठिपके जमले, की कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपक्यांचीच एक मशीद उभी राही. ती बोटाने फिरवावी, वरून बघावी, वाटलं तर छत बाजूला करून आत डोकवावं!

घुबडाची मालकीण म्हणजे आपा. गल्लीतली सगळी मुलं तिला आपा म्हणत, आपणही तेच म्हणू. आपा याच गल्लीत वाढली, याच मशिदीच्या ओसरीवर अक्षरं शिकली. शिकवणारे होते तिचे मोठे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आज त्यांची दाढी पांढरीशुभ्र झाली होती, पण ओसरीवरचा मुलांचा वर्ग काही सुटला नव्हता. आपा मोजणीचं शिक्षण घेऊन परत आली होती आणि आता तिच्या खांद्यावर मोठंच ओझं होतं.

झालं होतं असं. मशीद फार जुनी. आत दगडी खांबांच्या रांगांवर रांगा, आणि दर चार खांबांवर एक ठेंगणा घुमट. त्यातला सगळ्यात मागचा, मेहराबीसमोरचा, म्हणजे नमाजेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोरचा घुमट तडकला होता. तड इतकी रुंदावली होती, की त्याच्याखाली उभं राहायला मनाई होती. ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं: पाडा आणि वर काँक्रीट ओता. इंजिनियरबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "दगड एकेक करून उतरवता येईल, दुरुस्त करून परत तिथेच बसवता येईल," त्या म्हणाल्या होत्या. "पण प्रत्येक दगडाची जागा मला बोटभराच्या आत अचूक पाहिजे. तशी नोंद नसेल, तर मी तरी लोकांच्या डोक्यावर अंदाजाचा घुमट उभा करणार नाही. मग काँक्रीटच."

"नोंद मी देते," आपा भरल्या बैठकीत म्हणून गेली होती. 

आज ती नोंद द्यायची होती. अंगणात लोखंडी पाइपांचा ढीग येऊन पडला होता. उद्या सकाळी तो आत जाणार आणि घुमटाखाली त्याचं जंगल उभं राहणार. एकदा का पाइप चढले, की घुबडाला दगड दिसणार नव्हते.

तर आपाने सकाळपासून कंबर कसली होती. आधी तिने मशीद रिकामी केली. चटया गुंडाळल्या, कुराण ठेवायच्या लाकडी रेहाली उचलल्या, घड्याळ उतरवलं, कोपऱ्यातला पंखा बाहेर नेला. जुनी मशीद जुन्यासारखीच टिपली जावी, तिच्यात आजची एकही वस्तू दिसू नये, हा तिचा हट्ट. दोनच वस्तूंपुढे ती हरली. एक लांबलचक लोखंडी शिडी आणि एक शिसवी पेटी. दोन्ही इतक्या जड, की त्या जागच्या हलेनात. मुलं मदतीला धावली होती.

"आपा, मी पेटीवर बसून राहू? अजिबात हलणार नाही!"

"आपा, माझी बॅट दिसली तर चालेल ना यात?"

"काही दिसलेलं चालणार नाही. बॅट नाही, तू नाही. सगळे ओसरीवर! पळा."

मुलं तोंड पाडून ओसरीवर गेली आणि कठड्यावर ओळीने बसून राहिली.

घुबडाला एका जागेवरून सगळं दिसत नाही. खांबाआडचं दिसणार कसं? म्हणून त्याला इथून तिथे, तिथून पलीकडे असं फिरवत बसवावं लागतं. प्रत्येक बैठकीचा एक तुकडा मिळतो. मग ते तुकडे जोडायचं काम कॉम्प्युटरचं. फाटलेल्या चित्राचे तुकडे तुम्ही कसे जोडता? या तुकड्यावर अर्धी मांजर आहे, त्यावरही अर्धी मांजर आहे, लावा शेजारी. कॉम्प्युटरही तेच करतो. आपाने आतून तुकडे घेतले, दारातून बाहेर आली, गल्लीतून मशिदीला पूर्ण वळसा घातला आणि मागच्या भिंतीचेही तुकडे घेतले.

दुपारची नमाज झाली. आपा फाटकाजवळच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. खोली एवढीशी. एक टेबल, एक खुर्ची, चपलांसाठी एक फळी. मुलं हळूहळू दारातून आत झिरपली आणि बघता बघता तिच्या खुर्चीला चिकटली. पडद्यावर आधी फाटक आलं, मग अंगण, मग खांबांचं अख्खं रान.

"या अल्ला, हे तर आपलंच आहे!"

"अरे ढकलू नको ना!"

आपाने मशीद वरून चिरली, केक कापावा तशी, आणि पोटातला नकाशा समोर आला. मुलं ओरडली. एक मुलगी मात्र ओरडली नाही. तिला सगळे शंका म्हणत, कारण कोणतीही गोष्ट सांगितली, की तिच्याकडे एक शंका तयारच असे. तिने चष्मा नाकावर सरकवला आणि बोट पडद्याला लावलं.

"आपा, मागची भिंत एवढी जाड का?"

आपाने पाहिलं. मेहराबीची भिंत आतून इथे होती आणि तीच भिंत बाहेरून, गल्लीच्या बाजूने, पार तिथे. मधे नुसता अंधार. थोडाथोडका नव्हे, त्यात एक खोली मावली असती.

आपाने लॅपटॉप जवळ ओढला.

"आपा, तिथे काय आहे?" शंकाने पुन्हा विचारलं.

"माहीत नाही," आपा म्हणाली. "म्हणजे... पोकळी असेल. बंद केलेली. एखादी खोली."

एवढं पुरे होतं. मुलं बाणासारखी सुटली. "गुप्त खोली! मशिदीत गुप्त खोली!" गल्लीने कान टवकारले. दुकानं अर्धी सोडून माणसं आली. मशिदीच्या कमिटीचे प्रमुख, ज्यांना सगळे सदरसाहेब म्हणत, ते तर अर्धा चहा हातात घेऊनच आले.

"मला होताच संशय," ते म्हणाले. "लहानपणापासून होता. कुणाला बोललो नाही इतकंच."

"आम्हाला तर तुम्ही रोजच सगळं बोलता," मोठे अब्बा म्हणाले.

सदरसाहेबांनी ते कानाआड केलं. आत जाऊन त्यांनी मागच्या भिंतीला कान लावला आणि बोटांनी ठोकलं. ठक ठक. त्यांचे डोळे विस्फारले. "पोकळ! ऐका, साफ पोकळ!"

"साहेब," शंका म्हणाली, "ते पुस्तकांचं भिंतीतलं कपाट आहे."

हशा पिकला, पण उत्साह काही ओसरला नाही. आत जुने ग्रंथ असतील, कुणी म्हणालं. मशीद बांधणाऱ्याची हत्यारं असतील, दुसरा म्हणाला. सदरसाहेबांनी फोन काढून थेट आपल्या मेहुण्यांना बातमी दिली. आपाही हुरळली होती. तिच्या डोळ्यांसमोर ती खोली उघडत होती, गार, कोरडी, कित्येक पिढ्यांचा अंधार भरलेली. ती धावत लॅपटॉपकडे परतली. खोलीचं तोंड कुठे असेल ते शोधू म्हणून तिने ठिपक्यांची मशीद फिरवली आणि मधल्या रांगांतून पुढे पुढे सरकू लागली.

आणि थबकली.

पडद्यावर एका खांबाला शिडी टेकली होती. त्याच खांबाशी शिसवी पेटी होती. आणि शिडीचा पाय पेटीच्या झाकणातून आरपार गेला होता.

आपाने डोळे चोळले. उठून मशिदीत गेली. शिडी एका खांबाला टेकलेली, तिच्या जागी. पेटी त्याच्या मागच्या खांबाशी, तिच्या जागी. दोघींच्या मधे एक अख्खं दालन.

ती तिथेच खांबाला टेकून खाली बसली.

कुठेही गुप्त खोली नव्हती. कॉम्प्युटर तुकडे जोडताना फसला होता. या तुकड्यात एक खांब, त्या तुकड्यात एक खांब, दोन्ही हुबेहूब, म्हणजे एकच असणार, असं समजून त्याने दोन रांगा एकमेकींवर चढवल्या होत्या. एक पूर्ण रांग गिळून टाकली होती. आतली मशीद तेवढी आखूड झाली, बाहेरची भिंत मात्र होती तिथेच राहिली, आणि जी रांग गिळली गेली तिची जागा भिंतीच्या पोटात खोली होऊन बसली. शिडी आणि पेटी तिला हलवता आल्या असत्या, तर हे कळलंही नसतं.

ही एक रांग हाताने ओढून जागेवर बसवता आली असती. पण बाकी रांगांत कुठे काय घसरलं असेल, ते सांगणार कोण? खांब तर सगळे एका साच्यातले. अशी नोंद हातात ठेवून इंजिनियरबाईंना बोटभराचा शब्द कसा द्यायचा? आणि न द्यावा, तर घुमट हातोड्याखाली.

ती ओसरीवर आली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"खोली नाहीये," आपा म्हणाली. "माझी चूक झाली. मोजणीच चुकली आहे."

 सदरसाहेब कळवळून म्हणाले, "अहो, पण मी मेहुण्यांना सांगितलंय! ते निघाले असतील!"

मुलांचे चेहरे तर विझलेच. मोठ्या अब्बांनी एकवार मुलांकडे पाहिलं, एकवार पुतणीकडे.

"चूक कशी झाली, ते यांना सांग बेटा."

"मोठे अब्बा, आता? वेळ कुठे आहे? उद्या सकाळी पाइप आत घेतील."

"या मुलांनी गेला तासभर खजिना पाहिलाय. तो कुठे गेला ते त्यांना कळायला नको? आणि सांगता सांगता तुझंही डोकं शांत होईल."

मोठ्या अब्बांच्या सांगण्यापुढे आपाचं बालपणीही काही चालत नसे. तिने मुलांना आत नेलं. शंकाचा चष्मा काढून हातात घेतला, गळ्यातल्या ओढणीने तिचे डोळे बांधले, तिला तीन गिरक्या दिल्या आणि हाताला धरून खांबांमधून वाकडीतिकडी फिरवून एकीकडे उभी केली. "हात लाव. कुठला खांब आहे हा?"

शंकाने खांब चाचपला. खालची चौकट, वरचा गोल, मधली पट्टी. "खांबासारखा खांब आहे."

"आणि हा?"

"हाही खांबासारखाच."

मुलं फिदीफिदी हसली. "कॉम्प्युटरचं असंच झालं," आपा म्हणाली. "त्याचे डोळे बांधलेलेच असतात. तो फक्त हात लावून ओळखतो. सगळे सारखे लागले, मग त्याला वाटलं, दोन नाहीतच, एकच आहे. आता इथे ये. हा कुठला?"

शंकाने हात पुढे केला. हाताला लोखंड लागलं, थंडगार. "शिडीचा!" ती किंचाळली. "शिडीचा खांब!" मग डोळ्यांवरची पट्टी न काढताच तिने मान वळवली. "आपा, एक शंका आहे. शिडीचा ओळखता येतो, पेटीचा ओळखता येतो. मग प्रत्येक खांबाला काहीतरी दिलं तर?"

आपा तिच्याकडे बघतच राहिली.

सकाळी तिने स्वतःच्या हातांनी मशिदीतलं सगळं वेगळेपण उचलून बाहेर ठेवलं होतं! तुकडे जोडताना जागा ओळखू यावी म्हणून ठेवायचे पांढरे गोळे तिच्याकडे होते, पण मोजकेच. ते अंगणात आणि दारात संपले होते. आतल्या खांबांचं काय, कॉम्प्युटर बघून घेईल, असं तिला वाटलं होतं.

"पळा!" ती ओरडली. ज्या शब्दाने सकाळी हाकललं होतं, तोच शब्द. "घरी पळा आणि प्रत्येकाने एकेक वस्तू आणा! दुसऱ्या कुणासारखी नको! ऐका, ऐका आधी! मोठी हवी, गुडघ्याएवढी तरी. चकचकीत नको, काच नको, आरसा नको, त्यावरून प्रकाश भलतीकडे उडतो. आणि हलणारी नको!"

गल्लीत एकच धांदल उडाली. दारं आपटली, आया ओरडल्या, "अरे ते कुठे नेतोस?" आणि उत्तर देण्याआधीच पोरं पसार. छत्री आली. फुटबॉल आला, तो लहान म्हणून पाटावर ठेवला. लाकडी घोडा आला. टोपलीत टोपली घालून तीन टोपल्यांचा मनोरा आला. एकाने बकरी आणली.

"हलणारी नको म्हटलं ना!"

"ती हलत नाही आपा, फक्त चावते."

"चावतानाही हलते. परत ने."

एकीने दादीची काठी आणली, आणि काठीमागोमाग दादीच आली. "माझ्याशिवाय काठी कुठे जात नाही," ती म्हणाली. तिला ओसरीवर बसवून पाणी दिलं, तेव्हा कुठे काठीला खांब मिळाला. एकाने मोडलेल्या हाताचं जपून ठेवलेलं प्लास्टर आणलं, त्यावर सगळ्या वर्गाच्या सह्या. ते उशीवर उभं केलं. किटली चकचकीत म्हणून नाकारली, तर तिच्या मालकाने डोक्यावरची लोकरी टोपी काढून तिलाच घातली. चालली. शेवटी सदरसाहेब कमिटीच्या बैठकीतली आपली हातांची खुर्ची स्वतःच्या डोक्यावर घेऊन आले.

"ही मेहराबीजवळच्या खांबाला," ते म्हणाले. "नमाजेच्या पहिल्या रांगेत."

"जिथे जागा असेल तिथे," मोठे अब्बा म्हणाले.

मोठ्या अब्बांनी मुलांना एकेक खांब वाटून दिला, वर्गात जागा वाटावी तसा. मग सगळे बाहेर. घुबड आत एकटं. ते मान फिरवू लागलं आणि ओसरीवर अशी शांतता पसरली, की त्याच्या मानेची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. एका मुलाने शिंक आली म्हणून दोन्ही हातांनी नाक दाबलं. शिंकेने यंत्राला काही होत नाही, हे त्याला सांगावंसं कुणालाच वाटलं नाही. आपा आत धावे, घुबड उचलून पुढे बसवी, बाहेर धावे. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती चक्क हसत होती.

शेवटची बैठक झाली. फाटकाजवळच्या खोलीत आता मुलांबरोबर सदरसाहेबही घुसले, दादीही घुसली. दारात इंजिनियरबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, काखेत नकाशांची गुंडाळी. त्यांना आत यायला जागाच नव्हती.

कॉम्प्युटर तुकडे जोडू लागला. पडद्यावर एक रेघ हळूहळू भरत होती.

"एवढा वेळ का लावतोय?" सदरसाहेब.

"ओळखतोय," शंका म्हणाली. "सगळ्यांना हात लावून बघतोय."

रेघ भरली. मशीद उभी राहिली. आपाने श्वास रोखून ती चिरली आणि नकाशा उघडला. शिडी एका खांबाला, पेटी मागच्या खांबाशी. त्याच्या पलीकडे छत्री, काठी, घोडा, टोपी घातलेली किटली. आणि मागची भिंत, भिंतीएवढीच जाड.

"माझी छत्री!"

"प्लास्टर! माझं प्लास्टर बघा!"

गल्ली हादरेल असा ओरडा झाला. इंजिनियरबाईंवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. त्यांनी दारातूनच हात पुढे करून आपाला बाहेर ओढलं. "आनंद नंतर. आधी बघू दे."

दोघी मशिदीत गेल्या. बाईंनी स्वतःची मोजपट्टी काढली. आधी दोन शेजारचे खांब, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं. दर वेळी त्या आकडा मनात ठेवत आणि आपाला विचारत, "तुझी मशीद काय म्हणते?" आपा लॅपटॉपवर बघून सांगे. बाईंचा चेहरा दगडी. दारात मुलांची डोकी एकावर एक रचलेली. शेवटी बाईंनी मोजपट्टी सोडली, ती सर्रकन गुंडाळली गेली.

"बोटभर म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "फरक तर नखाएवढाही नाही."

"म्हणजे?" दारातलं सगळ्यात खालचं डोकं म्हणालं.

"म्हणजे पाइप उद्या चढणारच," बाई वळून म्हणाल्या. "पण घुमटाला आधार द्यायला. हातोडा नाही. दगड हाताने उतरवणार, आणि जिथून काढला तिथेच परत चढवणार."

आपाचा जीव भांड्यात पडला.  मोठ्या अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

"एक मात्र आहे," बाई म्हणाल्या. "हा सगळा बाजार नकाशातून पुसावा लागेल ना?"

"पुसता येईल," आपा म्हणाली. तिने घोड्याकडे पाहिलं, टोपीवाल्या किटलीकडे पाहिलं. "एका प्रतीतून पुसते. कामाच्या प्रतीत राहू दे. ओळखायला बरं पडेल."

ते किती बरं पडेल, हे तिलाही तेव्हा माहीत नव्हतं. पाथरवट आले, त्यांना नकाशावरचे आकडे आणि अक्षरं दिली होती. पहिले काही दिवस ते आकड्यांनी बोलले. मग एकाने सहज विचारलं, "हा कुठला, छत्रीवाला ना?" आणि आकडे जे मागे पडले, ते पडलेच. वर्गातली मुलं ओसरीवर बसून धडे गिरवत असत आणि आतून, पाइपांच्या जंगलातून, मुकादमाची हाक ऐकू येई:

"अरे सांभाळून! काठीच्या खांबाकडचा दुसरा दगड खाली घे!"

अशी हाक आली, की दादीची नात मान ताठ करून सगळ्यांकडे बघायची. सदरसाहेब तर रोज येऊन मुकादमाला विचारत, खुर्चीच्या खांबाचं काम कुठवर आलं. त्यांचे मेहुणेही आले होते, गुप्त खोली बघायला. आलेच होते, तर त्यांना घुमट दाखवला. ते मान वर करून इतका वेळ बघत राहिले, की चहा गार झाला.

ज्या दिवशी घुमटाचा अगदी मधला, शेवटचा दगड वर चढायचा होता, त्या दिवशी मोठ्या अब्बांनी वर्गाला सुट्टी दिली नाही. वर्गच उचलून आत नेला. दोराला बांधलेला दगड हळूहळू वर निघाला. मुकादमाने वरून खाली वाकून विचारलं, "याचं तोंड कुणीकडे? घोड्याकडे की फुटबॉलकडे?"

आपाने लॅपटॉपकडे पाहिलं. पण तिला बोलायची संधीच मिळाली नाही. नकाशा एव्हाना पाठ झालेला सगळा वर्ग एका सुरात ओरडला:

"घोड्याकडे!"